फडक्याला आलेला लाल रंग

गाड्या धुण्याच्या कामात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि त्यातली पंचवीस तरी लोकांना सल्ले देण्यात गेली होती. सगळे त्यांना वैद्य म्हणायचे. त्यांच्या घराण्यात कुणी औषधाची पुडीसुद्धा बांधलेली नव्हती, पण गाडीला काहीही होवो, वैद्यांकडे त्यावर घरगुती उपाय तयार. हेडलाइट पिवळे पडले? टूथपेस्ट चोळा. काचेवर डाग आहेत? वर्तमानपत्राचा बोळा घ्या, पण कालच्या पेपरचा, आजच्या पेपरची शाई ओली असते. डांबराचे ठिपके? रॉकेल. डॅशबोर्ड पांढरा पडलाय? डोक्याला लावायचं तेल दोन थेंब, तेही बायकोच्या बाटलीतलं, कारण तिचं चांगल्यातलं असतं. आणि अंगभर धुवायला त्यांचं खास मिश्रण. त्यात भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर आणि तिसरं काहीतरी, जे ते कुणाला म्हणून सांगायचे नाहीत. आता सांगायला हरकत नाही, ते तिसरं म्हणजे साधा खाण्याचा सोडा होता.

उपाय लागू पडायचे का? तसे पडायचे. हेडलाइट टूथपेस्टनं लख्ख व्हायचे, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि दोन महिन्यांनी ते दिवे पहिल्यापेक्षा जास्त पिवळे होऊन परत यायचे. वैद्य तोपर्यंत विसरलेले असायचे. गिऱ्हाइकानं आठवण करून दिलीच तर म्हणायचे, "तुम्ही पथ्य पाळलं नाहीत. गाडी उन्हात लावली असणार." गाडी उन्हात नाही लावायची तर काय कपाटात ठेवायची? पण ते इतक्या ठामपणे बोलायचे की माणूस "हो हो, लावली होती" असं कबूल करून मोकळा व्हायचा. एवढा आत्मविश्वास ज्याला असतो त्याला ज्ञानाची गरज पडत नाही, हेच तर वाईट.

वॉशिंग सेंटर तसं लहानच. वर पत्रा, खाली उतारावर तीन गाड्या मावतील एवढी फरशी, कडेला गटार, भिंतीला हिरवट शेवाळ आणि एक पाइप, जो तोंडाऐवजी मधूनच जास्त पाणी सोडायचा. मालक काचेच्या खोलीत बसायचे. कामाला सहा माणसं. त्या सहांत एक वैद्यांची भावजय होती. वैद्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून घरात सगळे तिला धाकटीच म्हणत आणि तेच नाव तिच्यामागे सेंटरवरही आलं.

भाऊ लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर. महिन्यातून चार दिवस घरी. पदरी एक मुलगी. एकदा धाकटी वैद्यांना म्हणाली, "भावोजी, मला तुमच्या इथं काम मिळेल का हो? दिवसभर घरात बसून भिंती खायला उठतात." वैद्यांनी मालकांकडे शब्द टाकला आणि तिला स्वतः शिकवलं. पाइप कसा धरायचा, फडकं कसं पिळायचं, पॉलिश किती घ्यायचं. ती मान हलवत ऐकायची आणि मग काही गोष्टी गपचूप आपल्या मनानं करायची. एकाऐवजी दोन बादल्या घ्यायची, एक साबणाची, एक फडकं विसळायची. खाली पडलेलं फडकं परत गाडीला लावायची नाही. गोल गोल चोळायची नाही, सरळ ओढायची.

"दोन बादल्या?" वैद्य हसायचे. "गाडी धुतेस की बाळाला न्हाऊ घालतेस?"

"काढलेली घाण परत तिलाच कशाला लावायची, भावोजी?" ती म्हणायची, आणि दोन बादल्याच घ्यायची.

तिला कुणी हे शिकवलेलं नव्हतं. तिला ते दिसायचं. वर्षभरात गिऱ्हाइकं येऊन विचारायला लागली, "ताई आहेत का? त्यांच्याकडे द्या." वैद्यांना याचा अभिमान वाटायचा. शिष्या कुणाची! आणि त्या अभिमानाच्या पोटात बारीकसं काहीतरी टोचायचं, ते त्यांनी स्वतःलाही कधी धड सांगितलं नाही.

आता त्या लाल गाडीकडे येऊ. ती दातांच्या डॉक्टरांची होती, म्हणजे त्यांच्या वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली. तिशीला आलेली, गोल डोळ्यांची, टपाला उतार असलेली गाडी. डॉक्टर स्वभावानं शांत माणूस. पण गाडीजवळ कुणी किल्ली हातात धरून उभं राहिलं तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची. महिन्यातून एकदा गाडी सेंटरवर यायची आणि कायम वैद्यांच्याच हाताखाली जायची.

एका दुपारी वैद्यांनी तिला खास मिश्रणानं धुतली. टप जरा मळकट वाटला म्हणून जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे आत डबे उघडून बसलेले असताना, त्यांनी पांढरं पॉलिश घेतलं आणि टप घासायला सुरुवात केली. दोन-चार हात मारले असतील, फडकं उलटलं तर लाल. दुसरी बाजू घेतली, तीही लाल. वैद्यांनी हात थांबवला. कारण त्यांचा स्वतःचाच नियम होता, सगळ्या सेंटरला पाठ करून दिलेला: फडक्याला रंग आला म्हणजे गाडीचं कातडं गेलं. खास मिश्रणानं रंग खाल्ला असणार. सोडा जास्त पडला असणार. त्यांनी घाईघाईनं टपावर पाणी मारलं, पुसलं, चहूबाजूंनी वाकून पाहिलं. टप तर चकाकत होता. पण भ्यालेल्या माणसाला चकाकी कुठली दिसायला! त्यांना रंग पातळ झाल्यासारखाच दिसला. ते फडकं त्यांनी शर्टाच्या आत खुपसलं, घरी नेलं आणि मागच्या अंगणात जाळून टाकलं. बायकोनं विचारलं, कसला वास येतोय? म्हणाले, तेलकट चिंधी होती.

त्यानंतर वर्षभर त्या गाडीला त्यांनी नुसतं पाणी लावलं. पॉलिशचा विषय निघाला की म्हणायचे, "जुनं हाड आहे डॉक्टरसाहेब, चोळायचं नाही." डॉक्टर मान डोलवायचे. वैद्यांचा जीव भांड्यात पडायचा, तो पुढच्या महिन्यापर्यंत.

मग एक दिवस डॉक्टरांनी मालकांना फोन केला. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, त्यात ही गाडी ठेवायची होती, तेव्हा पॉलिश हवंच. मालकांनी गाडी धाकटीला दिली. "तुझा हात हलका आहे, तूच कर." वैद्य समोरच होते. त्या क्षणी ते एवढंच म्हणाले असते, की मालक, या गाडीला पॉलिश नको, माझ्या फडक्याला रंग आला होता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. ते म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो."

चहा घेऊन आले तेव्हा आरडाओरडा चालू होता. डॉक्टर ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. धाकटी बॉनेटशी उभी, हातात लालभडक झालेलं फडकं, आणि डॉक्टर, ज्यांचा चढलेला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, ते ओरडत होते. "माझ्या वडिलांची गाडी आहे ही! तुम्ही रंग काढलात तिचा!" मालक खोलीतून धावत आले. बाकीची माणसंही गोळा झाली. धाकटी गोंधळली होती, पण रडत नव्हती. वैद्यांना पाहून तिचा चेहरा उजळला.

"भावोजींना विचारा," ती म्हणाली. "त्यांनी शिकवलं तसंच केलंय मी. त्यांना कळतं यातलं."

मालक वळले. "वैद्य, तुम्ही बघा. काय प्रकार आहे?"

वैद्यांनी फडकं हातात घेतलं. उलटंपालटं केलं. वास घेतला. कशाला घेतला देव जाणे, रंगाला कसला वास! पण सगळे बघत होते आणि वैद्यांना वेळ हवा होता. मनात एकच चाललं होतं: हे माझंच आहे. गेल्या वर्षीचं. माझ्या सोड्यानं पोखरून ठेवलेलं, आज तिच्या हाताखाली निघालं. आता डॉक्टर टप नीट बघतील, विचारतील आधी तुम्ही काय लावलं होतं, आणि एकतीसातल्या तेव्हा झालेल्या बावीस वर्षांची माती होईल.

"हात जड पडला," वैद्य म्हणाले. "दाबून चोळलंय. जुन्या रंगाला हे सोसत नाही."

"पण भावोजी, मी तर..."

"ही गाडी मी किती वेळा केलीय, डॉक्टरसाहेब," वैद्य पुढे म्हणाले. "माझ्या फडक्याला कधी रंग आला नाही."

खोटं बोलायचं ते एवढ्यावर तरी थांबावं की नाही? पण नाही. त्यानंतर त्यांनी हात जोडले, डॉक्टरांना विनवलं, नवखी आहे, घरची आहे, प्रकरण वाढवू नका, माझ्याकडे बघून सोडून द्या. डॉक्टर गाडी घेऊन निघून गेले ते परत आलेच नाहीत. मालकांनी धाकटीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आणि बाकीची माणसं वैद्यांच्या पाठीवर थाप मारून गेली: भावजयीसाठी शब्द टाकलात, मोठं मन आहे तुमचं. वैद्यांनी त्या थापा खाल्ल्या.

धाकटीनं दोन्ही बादल्या पालथ्या घातल्या, हात पुसले, घरी गेली.

पुढची नऊ वर्षं वैद्यांनी तिला टाळण्यात घालवली. त्यांची खात्री होती की तिला सगळं कळलंय. तिचा हात जड नव्हता हे तिच्याहून चांगलं कोण जाणणार? तेव्हा ती गप्प बसली ती त्यांची लाज राखायला. घरात काही कार्य निघालं की वैद्य बाहेर चपलांपाशी खुर्ची टाकून बसायचे. ती पाणी घेऊन आली की पेला घेताना तिच्या मनगटाकडे बघायचे, तोंडाकडे नाही. घरातल्या कुणाची स्कूटर बिघडली, कुणाच्या गाडीला ओरखडा पडला की ती म्हणायची, "भावोजींना विचारा, त्यांना कळतं." वैद्यांना हा टोमणा वाटायचा. तिची मुलगी तर मोठी होता होता चांगलीच फटकळ झाली होती. आई काचेची बरणी उचलायला गेली की ओरडायची, "आईच्या हातात काही देऊ नका रे, तिनं अख्खी गाडी सोलून काढलीय!" सगळे हसायचे, धाकटीही हसायची. वैद्यही हसायचे आणि त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. आईनंच पोरीला पढवलंय, असं त्यांना वाटायचं. अपराधी मनाला प्रत्येक बोट आपल्याकडेच वळलेलं दिसतं, आणि हे बोट वळलेलं असायला हवं होतं, म्हणून तर ते जास्त लागायचं.

एकदा-दोनदा सांगावं असं मनात आलं. पण काय सांगायचं? की रंग मी घालवला आणि नाव तुझं घेतलं? तिला माहीतच आहे, मग उगाच कशाला उकरायचं? असं म्हणून वैद्य कूस बदलायचे.

यंदा मालकांच्या डोक्यात प्रशिक्षणाचं खूळ शिरलं. रंगाच्या कंपनीची एक बाई येणार होती. सगळ्यांनी हजर राहायचं, वैद्यांनीसुद्धा. "मला काय शिकवणार ती?" वैद्य म्हणाले आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसले.

बाई तिशीची होती, बाह्या वर केलेल्या, नखांत पॉलिश अडकलेलं. म्हणजे नुसती बोलणारी नव्हती. तिनं विचारलं, "तुमच्याकडे काय काय वापरतात, मोकळेपणानं सांगा." पाचही जणांनी वैद्यांकडे बोट दाखवलं. मग काय, तासभर वैद्यांची चंपीच झाली. टूथपेस्टनं दिव्याचा वरचा संरक्षक थर घासून जातो, म्हणून तो नंतर लवकर पिवळा पडतो. भांड्यांचा साबण तेलासाठी असतो, तो गाडीवरचं मेणही घेऊन जातो. रॉकेलनं रबर फुगतं. एका बादलीत फडकं बुडवलं की वाळूचे कण परत गाडीवर. "दोन बादल्या घ्या," ती म्हणाली, "एक साबणाची, एक विसळायची."  तोवर वैद्य प्रत्येक मुद्द्यावर भांडत होते, इथून पुढे भांडले नाहीत.

कुणीतरी मागून म्हणालं, "आणि फडक्याला रंग आला तर गाडीचं कातडं गेलं, हे तरी बरोबर ना?"

"नव्या गाडीचं म्हणत असाल तर बरोबर," बाई म्हणाली. "नव्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो. तो झिजला तरच रंग हाताला लागतो. पण खूप जुन्या गाड्यांना तो थरच नसायचा. रंगच सगळ्यात वर. उन्हानं त्याची वरची साय मरते, पॉलिश केलं की ती मेलेली साय फडक्यावर येते आणि खालचा रंग उघडा होतो. अशा गाडीला फडकं रंगायलाच हवं. रंगलं नाही तर समजा की तुम्ही काही केलंच नाही."

तिनं सोबत भंगारातलं एक जुनं निळं मडगार्ड आणलं होतं. त्यावर हलक्या हातानं चार वेळा फडकं ओढलं. फडकं निळं झालं. आणि मडगार्डचा तेवढा पट्टा असा उजळला की मागचे लोक उठून बघायला आले.

वैद्य मात्र उठून नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

म्हणजे त्यांनी काही घालवलंच नव्हतं. तिनंही नव्हतं. डॉक्टरांची गाडी त्या दिवशी तीस वर्षांत दिसली नसेल इतकी चांगली दिसत होती, आणि ते सगळे भोवती उभे राहून तिचं सुतक पाळत होते. लपवण्यासारखं काही नसताना त्यांनी लपवलं होतं आणि त्या न घडलेल्या गुन्ह्यासाठी एका बाईचा बळी दिला होता. इतकी वर्षं निदान एवढं तरी वाटायचं, की मी भ्यालो पण भ्यायला कारण होतं. आता तेही गेलं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं. बायको म्हणाली, "अहो मग जा की, सांगून या तिला. चांगली बातमी आहे. बिचारी सुटेल तरी." वैद्य म्हणाले, "तिला माहीतच असेल." बायको म्हणाली, "तिला कसं माहीत असेल? तुम्हाला एकतीस वर्षांत कळलं नाही ते!"

तिसऱ्या दिवशी ते गेले. धाकटी आता एका मोठ्या लॉन्ड्रीत होती, जिथं लॉजच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुतल्या जात. लांबच लांब हॉल, यंत्रांची घरघर, वाफेनं ओल्या झालेल्या खिडक्या. मधल्या टेबलावर चादरींचे ढीग आणि समोरासमोर उभ्या राहून घड्या घालणाऱ्या बायका. धाकटीच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. नऊ वर्षांत वैद्यांनी ते पाहिलेच नव्हते.

"भावोजी!" ती घाबरून पुढे आली. "काय झालं? यांचं काही...?"

"नाही नाही, तो बरा आहे. तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

त्यांनी सांगितलं. कंपनीची बाई, दोन प्रकारचे रंग, मेलेली साय, निळं मडगार्ड. "तुझी चूक नव्हती," ते म्हणाले. "रंग येतोच अशा गाडीला."

धाकटी बघतच राहिली. "काय म्हणालात?"

"तुझा हात जड पडला नव्हता. कुणीही केलं असतं तरी रंग आला असता."

तिनं टेबलाची कड धरली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती त्याच वेळी हसायलाही लागली. समोरची बाई घडी अर्धवट धरून थांबली. "अगबाई," धाकटी म्हणत होती, "अगबाई, म्हणजे मी नाही केलं? भावोजी, मला तर वाटायचं... त्या दिवशी मला आत कुठंतरी वाटत होतं की मी दाबलं नाही म्हणून. पण तुम्ही म्हणालात, म्हणजे दाबलंच असणार. आपल्यालाच आपला हात कळत नाही असं कसं झालं, याचंच मला नवल वाटायचं." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुम्हाला सांगते, खोटं वाटेल, पण मी घरात भांडीसुद्धा हलक्या हातानं घासते. पोरगी लहान होती तेव्हा तिचे केस विंचरायला शेजारणीकडे पाठवायचे. वाटायचं, आपला हात लागायचा तिला."

 नऊ वर्षं वैद्य जिच्या नजरेला भ्याले, तिच्या नजरेत काही नव्हतंच. तो टोमणा टोमणा नव्हता. ती खरोखरच म्हणत होती, भावोजींना विचारा, त्यांना कळतं.

"आणि तुम्ही मुद्दाम एवढ्या लांब आलात हे सांगायला," धाकटी म्हणाली. "दुसरं कुणी आलं नसतं. त्या दिवशीही तुम्हीच हात जोडलेत माझ्यासाठी. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरले नाही."

"बरं, येतो मी," वैद्य म्हणाले.

निघाले. हॉलच्या दारापर्यंत आले, तीन पायऱ्या उतरले. काम झालं होतं. बातमी सांगून झाली होती, ती खूश होती, बायको म्हणाली तसं ती सुटली होती. आता घरी गेलं की झालं, पुढच्या कार्याला चपलांपाशी नाही, आत पाटावर बसता येणार होतं. कुणालाही कधीही कळणार नव्हतं. वैद्य रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ते तसेच वळून परत पायऱ्या चढले.

"काही राहिलं का?" धाकटीनं विचारलं. चेहरा अजून ओलाच होता.

"राहिलं," ते म्हणाले. "माझ्या फडक्याला आला होता रंग. त्याच गाडीचा. तुझ्या वर्षभर आधी. मी ते फडकं घरी नेऊन जाळलं."

तिला पटकन उमगलं नाही. "पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"खोटं बोललो. मला वाटलं रंग मीच घालवलाय. माझ्यावर येऊ नये म्हणून तुझा हात जड म्हणालो."

यंत्रं चालूच होती. समोरची बाई चादर टेबलावर ठेवून, काहीतरी निमित्त काढून बाजूला झाली.

"म्हणजे," धाकटी सावकाश म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या समजुतीनं रंग तुम्हीच घालवला होता."

"हो."

"आणि मी घालवला नव्हता, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"आणि आत्ता पहिल्यांदा आलात तेव्हा हे न सांगताच निघाला होतात."

वैद्यांनी मान खाली घातली. "हो."

ती ओरडेल, शिव्या देईल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं. तशी तयारी करून ते उभे होते. तिनं टेबलावरची अर्धवट चादर ओढून घेतली, तिच्यावरची सुरकुती तळहातानं मोडायला लागली आणि ती मोडली तरी तिथंच हात फिरवत राहिली.

"संध्याकाळी घरी या," ती म्हणाली. "हे येतायत आज चार दिवसांसाठी. पोरगीही असेल. त्या दोघांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"येतो. मालकांनाही सांगतो. डॉक्टरांचा पत्ता काढून त्यांनाही सांगतो."

"सांगा."

"आणि तू परत ये," वैद्य घाईघाईनं म्हणाले. आता काहीतरी द्यायला पाहिजे होतं, काहीही. "मी बोलतो मालकांशी. माझ्या जागेवर ये. मी बसतो घरी, माझं झालंच आता. तुझ्यासारखा हात तिथं अजून कुणाचा नाही, शपथेवर सांगतो. ती कंपनीची बाई दोन बादल्या म्हणाली, दोन! तू म्हणायचीस तेच. उद्यापासून ये, वाटल्यास तुला कुणी..."

"भावोजी," धाकटीनं त्यांना थांबवलं. आवाज चढवला नाही. "मला आता गाड्या पुसायच्या नाहीत. मला तेव्हा पुसायच्या होत्या."

 ढिगातली पुढची चादर मोठी, दोघांनी धरायची होती. वैद्यांचा हात नकळत तिच्या टोकाकडे गेला. धाकटीनं ते टोक आपल्याकडे घेतलं आणि बाजूला गेलेल्या बाईला हाक मारली.